बत्तीस नाण्यांचा जामीन

आमच्या आतल्या खोलीत, सौ.च्या शिवणयंत्राच्या शेजारी, मिसळणाच्या डब्याएवढी एक काळी पेटी ठेवलेली आहे. तिच्यावर एक हिरवा दिवा रात्रंदिवस लुकलुकत असतो. घरी कोणी आले की हमखास विचारतात, “हे हो काय?” पूर्वी मी हात झटकून मोकळा होत असे. “चिरंजीवांचे उद्योग!” एवढे म्हटले की भागत असे. आता तसे होत नाही. आता मी खुर्ची पुढे ओढतो, चष्मा पुसतो, आणि आतून सौ.चा आवाज येतो, “चहा दोनदाचा टाकते हो. हे आता लौकर आवरायचे नाहीत!”

वाचकहो, तुम्हीही अंमळ बसा. ही पेटी म्हणजे इथेरियम नावाच्या जगभर पसरलेल्या हिशेबाच्या जाळ्यातला एक साक्षीदार आहे. त्याला व्हॅलिडेटर म्हणतात. बत्तीस नाणी जामीन ठेवून आम्ही तो उभा केला. तो कसा उभा केला, आणि २०२४ च्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी स्वतःच्या हाताने तो बुडवायला कसा निघालो होतो, ती हकिगत सांगतो.

वही कोणाकडे?

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. त्यामुळे हिशेबाची वही कोणाकडे, हा प्रश्न मला पहिल्यापासून जिव्हाळ्याचा. तुमच्या खात्यात किती रुपये आहेत हे कोण सांगते? बँकेची वही. ती वही बँकेच्या ताब्यात, आणि तुमचा विश्वास बँकेवर. आता अशी कल्पना करा की गावात सावकारही नाही आणि बँकही नाही. गावाच्या देण्याघेण्याची वही प्रत्येक घरी आहे, आणि सर्व घरच्या वह्या अक्षरशः एकसारख्या आहेत. कोणी एकाने रात्री बसून आपल्या वहीत खाडाखोड केली, तर सकाळी बाकीच्या वह्यांशी ती जुळणार नाही. ब्लॉकचेन म्हणतात ती हीच वही. तिचे एकेक पान म्हणजे ब्लॉक. प्रत्येक पानावर मागच्या पानाची खूण असते, त्यामुळे मधलेच पान फाडता येत नाही.

कल्पना छान आहे. पण गोम पुढे आहे. पुढचे पान कोणी लिहायचे? वाटेल त्याला लिहू दिले, तर लबाड मनुष्य हजार नावे धारण करून हजार मते देईल.

३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचे पहिले पान लिहिले गेले. सातोशी नाकामोतो एवढेच त्याच्या कर्त्याचे नाव जगाला ठाऊक आहे. त्याने तोड काढली ती अशी की, एक अवघड कोडे घालायचे आणि ज्याचे यंत्र ते आधी सोडवील त्याने पान लिहायचे. कोडे सोडवायला वीज लागते, वीज फुकट मिळत नाही, म्हणून लबाडीही फुकट होत नाही. उपाय बिनतोड, पण त्यापायी जगभर यंत्रांच्या खोल्याच्या खोल्या तापू लागल्या.

इथेरियम ३० जुलै २०१५ रोजी सुरू झाले. त्याची मूळ कल्पना २०१३ साली मांडणारा विटालिक ब्युटेरिन तेव्हा अवघा एकोणीस वर्षांचा होता. जन्म रशियातला, वाढला कॅनडात. इथेरियमही प्रथम कोड्यांवरच चालत असे. १ डिसेंबर २०२० पासून शेजारी दुसरी पद्धत चालवून पाहिली, आणि १५ सप्टेंबर २०२२ रोजी चालत्या गाडीचे इंजिन बदलावे तशी सगळी वही त्या नव्या पद्धतीवर नेली. विजेचा खर्च नव्व्याण्णव टक्क्यांहूनही अधिक उतरला.

ही नवी पद्धत आपल्या लोकांना नवी मुळीच नाही. तिचे नाव जामीन! ज्याला साक्ष द्यायची आहे, त्याने आधी बत्तीस नाणी तारण ठेवायची. दर बारा सेकंदांना एक पान लिहायचे असते, आणि ते कोणी लिहायचे हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरते. बत्तीस पानांची एक फेरी, म्हणजे सहा मिनिटे चोवीस सेकंद. प्रत्येक फेरीत प्रत्येक साक्षीदाराने एकदा सांगायचे, “मी वही पाहिली, ती अशी आहे.” दोनतृतीयांश जामिनाची साक्ष जुळली की साधारण तेरा मिनिटांत पान कायमचे पक्के. खरे बोलाल तर थोडी मिळकत, गैरहजर राहाल तर थोडा दंड, आणि दोन तोंडांनी बोलाल तर जामिनावर घाला. याच तत्त्वावर दुसरीही जाळी चालतात. २०१७ साली मुंबईत मॅटिक या नावाने सुरू झालेले पॉलिगॉन हे त्यांतलेच.

घरातले मतभेद

आमच्या चिरंजीवांकडे ही नाणी आली ती २०२० साली. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना असल्या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगणारे परिपत्रक काढले होते. ते सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. त्यानंतरच्या सहा महिन्यांत त्याने आपल्या पगारातून सुमारे पाच लाख रुपये यात घातले. मला ते कळले तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. बँकेतल्या माणसाचा मुलगा आणि असले धंदे!

पुढे भाव चढला, पडला, पुन्हा चढला. २०२३ च्या दसऱ्याच्या सुमारास त्या बत्तीस नाण्यांची किंमत पंचेचाळीस लाखांच्या पुढे होती. आणि आमच्या जागेवर अठ्ठावीस लाखांचे कर्ज होते.

सौ.चे म्हणणे सरळ होते. “विका, कर भरा, कर्ज फेडा, आणि सुखाने झोपा.” कर म्हणाल तर तोही लहान नव्हे. १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या विक्रीतल्या नफ्यावर तीस टक्के कर आहे, आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. पण कर भरूनही कर्ज फिटत होते. तिचे म्हणणे चूक होते असे मी आजही म्हणत नाही.

चिरंजीवांचे म्हणणे निराळे. “आई, नाणी नुसती पडून आहेत. ती जामीन ठेवली तर त्या जाळ्याचं थोडं काम आपल्या हातून होईल, आणि वर्षाला तीन-चार टक्के मिळतील.”

मी म्हटले, “मुदत ठेवीवर सात टक्के मिळतात.”

“मिळतात की. पण तिथं वही दुसऱ्याची असते, बाबा.”

या उत्तराने माझे समाधान झाले नाही. परंतु छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्या सांभाळल्यानंतर एक वही आपल्या घरी यावी, याचा मोह मला पडला, हे कबूल करतो. अखेर तीन अटींवर तह झाला. एक, आत गेलेला पैसा बाहेर येण्याची वाट उघडी असली पाहिजे. (ती वाट एप्रिल २०२३ मध्ये उघडली होती. त्याआधी ज्यांनी नाणी ठेवली त्यांची ठेव आतच अडकून होती.) दोन, आधी खोट्या नाण्यांवर सराव. तीन, कर्जाचा हप्ता पगारातूनच जाईल, या नाण्यांच्या भरवशावर एक रुपयाही खर्च होणार नाही. तिसरी अट सौ.ची. तिने ती कॅलेंडरवर लिहून ठेवली.

सामानाची यादी

असे यंत्र उभे करायला काय काय लागते, ते सांगतो. कारण लोकांची अशी समजूत असते की त्यासाठी एखादा कारखानाच हवा.

एक बेताचा संगणक पुरतो. सारी मदार त्याच्या साठवणीवर असते. ती जलद जातीची, एनव्हीएमई एसएसडी म्हणतात तशी हवी. आम्हाला तेव्हा दोन टेराबाइट पुरली. पण वही रोज वाढते आहे, आज घेणाऱ्याने चार घ्यावी. स्मृती आम्ही सोळा जीबी घातली. आज बत्तीस घालणे शहाणपणाचे. वीज पंख्याहून अधिक लागत नाही. इंटरनेट मात्र अखंड आणि मोजमाप नसलेले पाहिजे, आणि वीज गेल्यावर संगणक व राउटर दोन्ही चालू राहतील असा इन्व्हर्टर. आमचा सगळा खर्च पंचावन्न हजारांच्या आत झाला.

त्यावर दोन कार्यक्रम बसवायचे. एक मुनीम, म्हणजे देण्याघेण्याचे हिशेब स्वतः तपासणारा. गेथ, नेदरमाइंड, बेसू ही त्या जातीची नावे. दुसरा पंच, म्हणजे इतर साक्षीदारांशी बोलून कोणते पान खरे ते ठरवणारा. प्रिझम, लाइटहाउस, टेकू, निंबस ही त्याची नावे. हे सगळे फुकट मिळतात. दोघांनी एकमेकांशी बोलताना ओळख पटवायची म्हणून एक गुप्त खुणेची फाईल दोघांनाही द्यावी लागते. मौज अशी की, इथे सर्वांत लोकप्रिय कार्यक्रम निवडणे हे शहाणपण नव्हे. सगळ्यांनी एकच मुनीम ठेवला आणि त्या मुनिमाच्याच बेरजेत चूक निघाली, तर साऱ्या गावाची वही एकदम चुकायची. म्हणून आम्ही मुद्दाम कमी लोकांकडे असलेली जोडी निवडली.

घड्याळही नीट लागते. दर बारा सेकंदांचा खेळ असल्यामुळे यंत्राची वेळ जगाच्या वेळेशी जुळलेली हवी. ऑगस्ट २०२० मध्ये मेडाला नावाच्या सरावाच्या जाळ्यावर एका कार्यक्रमाच्या घड्याळाला वेळ चुकीची मिळाली, आणि असंख्य साक्षीदार भविष्यातल्या साक्षी देऊ लागले! ते जाळे सावरायला कित्येक दिवस लागले.

आम्ही २०२३ च्या उन्हाळ्यात गोएर्ली नावाच्या सरावाच्या जाळ्यावर हात बसवला. आता ते बंद झाले. मार्च २०२५ पासून हूडी नावाचे जाळे या कामासाठी आहे. तिथल्या नाण्यांना कवडीचीही किंमत नसते, म्हणूनच तिथे वाटेल तेवढ्या चुका कराव्यात. मी मुद्दाम वायर उपटून पाहिली, यंत्र बंद करून पुन्हा लावले, नवीन आवृत्ती चढवताना काय मोडते ते पाहिले. चिरंजीव सांगे आणि मी वहीत लिहून घेई. छत्तीस पायऱ्या झाल्या.

किल्ल्या

या सगळ्या उपद्व्यापातला माझ्या आवडीचा भाग म्हणजे किल्ल्या.

एका संध्याकाळी आम्ही घरातले इंटरनेट बंद केले, एक कोरा संगणक काढला आणि त्यावर किल्ल्या पाडल्या. यंत्राने चोवीस इंग्रजी शब्द दिले. ठराविक दोन हजार अठ्ठेचाळीस शब्दांच्या यादीतून ते निघतात. त्यांचा क्रम हीच खरी मालमत्ता. ते हरवले तर दाद मागायला कोणी साहेब नाही, अर्ज नाही, शिक्का नाही. म्हणून ते कागदावर दोन प्रतींत लिहिले. एक प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवली, दुसरी कुठे ठेवली ते तुम्हालाही सांगत नाही. फोनमध्ये त्यांचे छायाचित्र काढायचे नाही, कोणाला वाचून दाखवायचे नाही. “तुमचे शब्द सांगा, पैसे दुप्पट करून देतो” असे जो म्हणेल तो चोर, एवढे घरातल्या लहानथोरांनी पाठ करून ठेवावे.

त्या शब्दांतून सहीची किल्ली निघते. ती घरच्या यंत्रात राहते आणि दर फेरीला साक्षीवर शिक्का मारते. जामीन परत मिळण्याचा पत्ता मात्र वेगळा. तो ठेव ठेवतानाच नोंदवायचा असतो, आणि एकदा नोंदवला की बदलत नाही. म्हणजे सहीची किल्ली चोराच्या हाती लागली तरी पैसा त्याला नेता येत नाही. मात्र तुमच्या नावाने खोट्या साक्षी देऊन जामीन बुडवता येतो. सहीच्या किल्लीची एक प्रत आम्ही पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात ठेवली. तिला लागणारा परवलीचा शब्द सौ.च्या हिशेबाच्या डायरीत, तिलाच कळेल अशा खुणेने. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक मॅनेजरकडे आणि एक रोखपालाकडे. त्याच नियमाने.

२४ ऑक्टोबर २०२३, दसरा. ठेव स्वीकारणाऱ्या कराराचा पत्ता आम्ही तीन ठिकाणांहून ताडून पाहिला, कारण एक अक्षर चुकले तर नाणी परत नाहीत. चिरंजीवांच्या कपाळावर घाम होता. “बाबा, तुम्ही दाबा.” मी दाबले. एका क्षणात आमच्या घरातली सर्वांत मोठी रक्कम घराबाहेर पडली. आपट्याची पाने हातात धरून सौ. दारातच उभी होती. ती काहीच बोलली नाही.

कधी कधी आत शिरायला रांग असते, महिना-महिना थांबावे लागते. आमच्या वेळी रांग नव्हती. दोन दिवसांत पेटीने पहिली साक्ष दिली. पान लिहिण्याची पाळी तेव्हाच्या साक्षीदारांच्या संख्येने साधारण चार महिन्यांतून एकदा येणार होती. ती फेब्रुवारीत, रात्री दोनच्या सुमारास येऊन गेली, आणि आम्ही सगळे झोपलेले होतो! बत्तीसच्या वर साठणारी मिळकत आठ-दहा दिवसांनी आपोआप आमच्या पत्त्यावर येऊ लागली. सौ. तिला ‘पेटीचे दूध’ म्हणते.

पुराचा दिवस

जुलै २०२४. चिरंजीव कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला जायला २४ तारखेला मुंबईला गेले आणि रात्री विमानात बसले. त्याच रात्री पुण्यात पावसाने कहर केला. खडकवासल्यातून पाणी सोडले, मुठा फुगली, आणि २५ तारखेच्या पहाटे सिंहगड रस्त्याकडच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. पण इमारतीच्या तळघरात, मीटरच्या खोलीत पाणी झाले आणि पहाटे आठच्या आधीच, पाच वाजता, वीज बंद करावी लागली. इन्व्हर्टरने आठपर्यंत तग धरला. मग हिरवा दिवा विझला.

पानशेत फुटले तेव्हा, १९६१ साली, मी पाच वर्षांचा होतो. आईने मला कडेवर घेतले होते एवढेच आठवते. त्या दिवशी पाण्याचा आवाज ऐकून ते पुन्हा आठवले. सौ. आणि सोसायटीतल्या बायका गॅसवर पोळ्यांचे ढीग करून खाली पाठवत होत्या. आणि मी, खोटे कशाला सांगू, आतल्या खोलीत त्या विझलेल्या दिव्याकडे पाहत बसलो होतो.

चारच्या सुमारास नाशिकहून पुतण्याचा फोन आला. त्यानेही हौसेने एक नोड चालवलेला आहे. जामीन न ठेवता नुसती वही ठेवायची असेल तर ती कोणालाही ठेवता येते, तशी. तो म्हणाला, “काका, तुमचा व्हॅलिडेटर सकाळपासून गप्प आहे. दंड लागतोय. माझं यंत्र तयारच आहे. तुम्ही फक्त सहीच्या किल्लीची फाईल आणि परवलीचा शब्द पाठवा, मी इथून चालू करतो. तुमची वीज आली की बंद करू.”

किती सोपे! मी कपाटातून पेनड्राइव्ह काढला. सौ.ची डायरी काढली. लॅपटॉपमध्ये अजून थोडी बॅटरी होती, फोनवरून इंटरनेट जोडले. फाईल पत्राला लावली. आता एक कळ दाबायची बाकी होती.

माझा हात थांबला त्याचे कारण तत्त्वज्ञान नव्हे, तर डायरी. डाव्या हातात किल्ली आणि उजव्या हातात परवलीचा शब्द! बँकेत या दोन गोष्टी एका माणसाच्या हातात आल्या की आमचे जुने साहेब पांढरेफटक पडत. एकदा अशाच पावसात आमचा रोखपाल येऊ शकला नव्हता. बाहेर गिऱ्हाइके ओरडत होती. पण साहेबांनी तिजोरी उघडण्याची दुसरी कोणतीही युक्ती ऐकून घेतली नाही. “उशीर झाला तर लोक शिव्या देतील,” ते म्हणाले, “पण उद्या येतील.”

मी पायऱ्यांची वही उघडली. शेवटच्या पानावर चिरंजीवांच्या अक्षरात, तांबड्या शाईने लिहिलेले होते: “एक किल्ली एकाच यंत्रात. यंत्र मेले आहे याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री केल्याशिवाय दुसरीकडे लावायची नाही. घाई वाटली तर काहीही करू नका.”

मी पत्र खोडले आणि पुतण्याला फोन केला. “राहू दे रे. गैरहजर राहिलेलं बरं.” त्याला ते फारसे पटले नाही.

पहाटे तीन वाजता डोक्यावरचा पंखा फिरू लागला. आणि त्याबरोबर, कोणी हातही न लावता, आतल्या खोलीतला हिरवा दिवा लागला. वीज आली की आपोआप उठायचे, असेच तर आम्ही त्या यंत्राला शिकवले होते! सकाळच्या चहापर्यंत त्याने राहिलेली सगळी पाने वाचून काढली आणि पुन्हा साक्ष द्यायला सुरुवात केली.

माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा. समजा, नाशिकचे यंत्र चालू असते. तो झोपलेला, मी झोपलेलो. एका नावाचे दोन साक्षीदार एकाच फेरीत बोलू लागले असते. त्यांच्या साक्षींत एका अक्षराचा फरक पडला, की तो गुन्हा. दोन्हींवर आमचीच सही, म्हणजे पुरावा आमच्याच हातचा. “माझी चूक झाली, वीज गेली होती” हे ऐकायला तिथे न्यायाधीश नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये हा धंदाच असलेल्या एका कंपनीचे पंचाहत्तर व्हॅलिडेटर अशाच दुहेरी सहीने एका फटक्यात बाद झाले होते. लबाडी कोणाच्याच मनात नव्हती. होती ती दक्षता, जरा जास्त झालेली.

नंतर चिरंजीवांनी हिशेब मांडून दाखवला. पहाटे पाच ते तीन, म्हणजे बावीस तास, वीज नव्हती. त्यातले एकोणीस तास पेटी बंद होती. दंड आणि बुडालेली मिळकत मिळून हजाराच्या आतच. घरच्या माणसांनी एकदा हॉटेलात जेवावे एवढा खर्च. आणि दुहेरी साक्षीचा दंड? तेव्हाच्या नियमाने पहिल्या फटक्यालाच जामिनाचा बत्तिसावा भाग, म्हणजे एक नाणे, त्या दिवसांच्या भावाने सुमारे पावणेतीन लाख रुपये. शिवाय कायमची हकालपट्टी, आणि उरलेला जामीन हाती येईपर्यंत छत्तीस दिवस ताटकळणे. मे २०२५ च्या सुधारणेने तो पहिला फटका पुष्कळ सौम्य केला आहे. पण हकालपट्टी तशीच आहे, आणि एकाच सुमारास पुष्कळ जण तसे सापडले तर दंड चढत चढत सारा जामीन गिळू शकतो. गैरहजेरीचेही तसेच, एकट्यादुकट्याची ती माफक, पण एकतृतीयांशाहून अधिक साक्षीदार एकदम गप्प झाले तर दंड वाढू लागतो.

या नियमांतली एक गोष्ट मला फार आवडली. माणूस आजारी पडतो, पूर येतो, वीज जाते. हे त्या नियम करणाऱ्यांनी धरून चालले आहे. गप्प राहिलेल्याला ते सांभाळून घेतात. दोन तोंडांनी बोलणाऱ्याला मात्र ते ‘का’ म्हणून विचारीतही नाहीत. माझ्या नोकरीत मी हाताखालच्या मंडळींना रजेसाठी जेवढे टोकले, तेवढे दुसऱ्या कशासाठी टोकले नसेल. ते आता आठवले की जरा ओशाळल्यासारखे होते.

लक्ष्मीपूजन

कोणी विचारतात, “मग आम्हीही ठेवावी का बत्तीस नाणी?” माझे उत्तर असे. २०२५ या एकाच सालात बत्तीस नाण्यांची किंमत चाळीस लाखांच्या आसपासही आली आणि सव्वा कोटीच्या वरही गेली. ज्याला त्या खालच्या आकड्यावर झोप लागत असेल त्यानेच या वाटेला जावे, आणि कर्ज काढून तर कोणीच जाऊ नये. ज्याला नुसते समजून घ्यायचे आहे त्याने सरावाच्या जाळ्यावर खुशाल यंत्र उभे करावे. शिकायला तेवढे पुरते, आणि हात पोळत नाही.

आमच्या घरातला वाद अजून मिटलेला नाही. कर्जाचे हप्ते पगारातूनच जातात, कॅलेंडरवरची अट दर जानेवारीला नव्या कॅलेंडरवर उतरवली जाते. नाणी सोडवायची तर सगळी सोडवावी लागतात.  म्हणून “विकू या” म्हणण्याचा हक्क सौ.ने राखून ठेवला आहे, आणि ती तो साधारण महिन्याला एकदा बजावते.

पण एक सांगतो. पुरानंतरच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मी नेहमीप्रमाणे जमाखर्चाची वही पाटावर ठेवली. सौ.ने हळदकुंकू वाहिले, फूल वाहिले, आणि मग तबक घेऊन ती आतल्या खोलीत गेली. मी मागोमाग गेलो. तिने त्या काळ्या पेटीला बेताने, आत पूड जाणार नाही अशा बेताने, कुंकवाचे एक बोट लावले.

मी म्हटले, “अहो, हे काय? तुमचा तर विरोध!”

“विरोध आहेच,” ती म्हणाली. “पण वही ती वहीच. आणि पुराच्या दिवशी गप्प राहिली, तेव्हा तुमच्यापेक्षा शहाणी निघाली.”